मेकॅनिकल गेमिंग कीबोर्ड : तीन आठवडे आणि एक भुताटकी

रात्रपाळी

तीन आठवडे झाले, आता लिहायला हरकत नाही. पहिल्या रात्री लिहायला बसलो असतो तर नुसतं कौतुक झालं असतं, आणि चौथ्या दिवशी बसलो असतो तर नुसत्या शिव्या.

आधीचा कीबोर्ड साधा मेम्ब्रेनचा, आत रबरी टोप्या असतात तो. दहाएक वर्षं राबवला. डब्ल्यू-ए-एस-डी ही गेममध्ये इकडेतिकडे चालायची चार बटणं घासून आरशासारखी झाली होती आणि डावा शिफ्ट दाबला की वर यायला जरा विचार करायचा. पण खरं दुखणं निराळं होतं. तिरकं धावता धावता वाकून उडी मारायची म्हणजे तीन-चार बटणं एकदम धरायची. त्यातलं एखादं तो सरळ गिळायचा. मी जागच्या जागी उभा, समोरचा गोळी घालून मोकळा, आणि टीममधले विचारणार, "झोपलास का रे?"

नवा कीबोर्ड मेकॅनिकल, प्रत्येक बटणाखाली स्वतंत्र स्विच असलेला. ८७ बटणांचा, म्हणजे उजवीकडचा आकड्यांचा पट्टा नसलेला. लाल लिनियर स्विच, म्हणजे दाबताना मध्ये कुठे न अडखळणारे (चेरी कंपनीच्या एमएक्स रेडच्या वळणाचे), हॉट-स्वॅप, म्हणजे स्विच नुसता उपटून बदलता येतो असा, पीबीटी प्लॅस्टिकचे कीकॅप (बटणांवरची अक्षरं छापलेली टोपणं), वायरवाला. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही. पुढे थोडी तक्रार आहे आणि ती माझ्या एकट्याच्या नगाची असू शकते. दिवे आहेत, सतरा प्रकारे नाचतात. पहिल्याच दिवशी बंद केले.

सगळ्यात मोठा फरक कशाने पडला सांगू? आकड्यांचा पट्टा गेल्याने. माउसला हातभर जागा मिळाली. मी सेन्सिटिव्हिटी कमी ठेवून खेळतो, मागे वळायचं तर अख्खा हात सरकवावा लागतो. आधी दर वेळी माउस कीबोर्डच्या कडेवर आपटायचा. आता आपटत नाही. याचा मेकॅनिकल असण्याशी काडीचा संबंध नाही, पण खरं ते सांगितलं.

आता स्विच. रबरी बटण तळाला टेकेपर्यंत दाबावं लागतं, तेव्हा कुठे त्याला कळतं. लाल स्विचची पूर्ण खोली ४ मिलिमीटर, पण निम्म्यावरच, २ मिलिमीटरला नोंद होते, आणि लागणारा जोर जेमतेम ४५ सेंटिन्यूटन. वाचायला छान वाटतं. प्रत्यक्षात माझी बोटं दहा वर्षं बटणांवर रेलून बसायला शिकलेली. पहिला आठवडा नुसता गोंधळ. तर्जनी डी वरून एफ कडे सरकताना जी ला नुसती चाटून गेली आणि मी हातबॉम्ब स्वतःच्याच पायाशी सोडला. मी गेलो, दोन साथीदारांना घेऊन गेलो. त्यातला एक अजून बोलत नाही.

आठवड्याने बोटं हलकी झाली. आता जुन्या कीबोर्डवर हात ठेवला तर ओल्या वाळूत चालल्यासारखं वाटतं.

खेळ सुधारला का? नाही. रँक होती तिथेच आहे. बटण गिळलं जात नाही, त्यामुळे मरायला सबब उरली नाही, इतकंच. पोलिंग रेट १००० हर्ट्झ आहे म्हणे, म्हणजे दर मिलीसेकंदाला कीबोर्डची विचारपूस. तो १२५ वर आणून खेळून पाहिलं, मला काही कळलं नाही. माझा मॉनिटर ६० हर्ट्झचा, तिथे एक चित्र बदलायलाच १६.७ मिलीसेकंद लागतात. ज्यांना कळतं त्यांना माझा नमस्कार.

आवाजाबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण तिथे मी दोन रात्री घालवल्या. बाकी सगळी बटणं कशी भरीव वाजतात, लाकडावर टिचकी मारावी तशी. आणि स्पेसबार? डब्यात खिळे घालून हलवल्यासारखा. मी गेममध्ये उड्या फार मारतो, त्यामुळे हे खिळे रात्रभर. शोधल्यावर कळलं की लांब बटणांखाली मधोमध एकच स्विच असतो. कडेला दाबलं तर बटण कलंडू नये म्हणून खाली आडवी तार असते, स्टॅबिलायझर. ती तार आपल्या खाचेत सैल असली की खडखडते. कीकॅप ओढून काढला, तार सोडवली, तिच्या दोन्ही वाकलेल्या टोकांना टोकदार काडीने डायइलेक्ट्रिक ग्रीस लावलं. हौस म्हणून जरा जास्तच लावलं. मग स्पेसबार चिखलातून पाय काढावा तसा वर यायला लागला. पुन्हा उघडलं, पुसलं, मुगाच्या दाण्याएवढं ठेवलं. आता आवाज इतका नेमका येतो की उगाच एकदा दाबून बघावासा वाटतो.

आणि आता भुताटकी. दुसऱ्या आठवड्यात गेममध्ये दारं उघडेनाशी झाली. म्हणजे उघडायची आणि लगेच मिटायची. मी दारासमोर उभा, ई दाबतो, दार उघडतं, मिटतं. आतला माणूस सावध होतो. मला वाटलं सर्व्हरची गडबड, नेट संथ असेल. दोन दिवस नेटला शिव्या दिल्या.

मग दिवसा एक मराठी मजकूर टाइप करत होतो. मी इन्स्क्रिप्ट ही देवनागरीची मांडणी वापरतो. पाहतो तर "माझाा", "काागद", "होताा". दुसऱ्या कान्याला टेकायला अक्षर नाही म्हणून कुठे कुठे तो बिचारा ठिपक्यांच्या गोलाला धरून उभा. इन्स्क्रिप्टमध्ये काना कुठल्या बटणावर असतो? ई वर!

म्हणजे दार नाही, नेट नाही, ई एका दाबात दोनदा उमटतोय. दर वेळी नाही, दहात एक-दोनदा. हवा मारून झाली, यूएसबीचं भोक बदललं, वायर बदलली. उपाय सांगा.

खटखट

घर झपाटलेलं आहे. दुसरं काही नाही.

बाकी लाल स्विच घेतलात तिथेच चुकलात. निळे घ्यायचे. दाबलं की टिक, सोडलं की टिक, बटण लागलं की नाही याची पावती हातोहात. लाल म्हणजे लोण्यात बोट घालणं. गेलं कुठे, लागलं कधी, पत्ता नाही.

दुसरा_डाव

@खटखट, निळ्यांवर गेम खेळून बघितलाय का कधी मन लावून? निळ्यात नोंद होते एका उंचीवर आणि बटण सुटल्याचं कळतं त्याच्या बरंच वर आल्यावर. पटपट दोनदा दाबायचं तर बोट जवळजवळ पूर्ण वर उचलावं लागतं. शिवाय ६० सेंटिन्यूटन. अर्ध्या तासात करंगळी बोंबलते. आणि माइक चालू असला की टीमला तुमच्या बोलण्यापेक्षा टकटकच जास्त ऐकू जाते.

टायपिंगला निळे, खेळायला लाल. यात वाद कसला?

खटखट

माझी टीम तक्रार करत नाही.

(माझी टीम नाही. एकटाच खेळतो.)

स्प्रिंगशास्त्री

रात्रपाळी, भुताला नाव आहे. चॅटर म्हणतात.

मेकॅनिकल स्विचच्या आत धातूच्या दोन बारीक पट्ट्या असतात. बटण दाबलं की त्या एकमेकींना टेकतात आणि परिपथ पूर्ण होतो. पण स्प्रिंगसारखी पट्टी टेकली की गप्प बसत नाही. चेंडू जमिनीवर टप्पे घेत थांबतो तशी ती काही मिलीसेकंद टेकते-सुटते-टेकते. हे चांगल्या, नव्याकोऱ्या स्विचमध्येही होतं. म्हणून कीबोर्डच्या फर्मवेअरमध्ये, म्हणजे त्याच्या आतल्या प्रोग्रॅममध्ये, डीबाउन्स असतो: पहिला स्पर्श झाला की थोडा वेळ पुढच्या थरथरीकडे काणाडोळा करायचा. क्यूएमके नावाचं मुक्त फर्मवेअर आहे, त्यात हा वेळ मुळात ५ मिलीसेकंद धरलेला असतो.

तुमच्या ई ची थरथर या वेळेपेक्षा जास्त टिकतेय. कारणं तीन संभवतात. पट्टीवर घाण किंवा गंज, पट्टीच जरा वाकडी, किंवा स्विच ज्या सॉकेटमध्ये बसतो ते सॉकेट सैल. पहिली दोन स्विचची, तिसरं बोर्डाचं. कुठलं ते ओळखायला पैसा लागत नाही, तुमचा कीबोर्ड हॉट-स्वॅप आहे. ई चा स्विच उपटा, ज्या बटणाला तुम्ही कधी हात लावत नाही त्याच्या स्विचशी अदलाबदल करा. भूत स्विचबरोबर गेलं तर स्विच वाईट. ई वरच राहिलं तर सॉकेट.

जुन्या कीबोर्डच्या "गिळण्या"बद्दलही सांगतो, तुम्ही ते बोटांवर घेऊ नका. आत तारांची उभी-आडवी जाळी असते, प्रत्येक बटण एका चौकात. एका चौकोनाचे तीन कोपरे दाबले की वीज वळसा घालून जाते आणि चौथा कोपराही दाबल्यासारखा दिसतो. न दाबलेलं बटण उमटू नये म्हणून स्वस्तातले कीबोर्ड तिसरं बटणच नाकारतात. मेकॅनिकलमध्ये बहुधा प्रत्येक स्विचला स्वतःचा डायोड असतो, वीज उलटी फिरू शकत नाही, त्यामुळे सगळी बटणं एकदम धरलीत तरी चालतं.

रात्रपाळी

शास्त्रीबुवा, दंडवत. चौकोनाचे तीन कोपरे वाचून जुन्या कीबोर्डला मनातल्या मनात माफ केलं. मला वाटायचं तो माझ्यावर डूख धरून आहे.

अदलाबदल रात्री करतो. तोवर कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये डीबाउन्सचा काटा सापडला, तो ५ वरून १० केला. दारं बऱ्यापैकी उघडायला लागली!

स्प्रिंगशास्त्री

ताप उतरला म्हणजे रोग गेला असं नाही. पट्टी आणखी बिघडत गेली की १० चे १५ कराल, मग २०. आणि फर्मवेअर जर "थरथर थांबेपर्यंत वाट पाहा, मग कळवा" अशा पद्धतीचं असेल तर तेवढा उशीर प्रत्येक बटणाला लागेल. (दुसरी पद्धत "आधी कळवा, मग काही काळ कान झाका" अशी असते, तीत दाबताना उशीर होत नाही. तुमच्यात कुठली आहे ते कंपनीलाच ठाऊक.) एका ई साठी ८६ बटणांना शिक्षा कशाला?

लेखनिका

मी गेम खेळत नाही, दिवसभर मराठी टाइप करते. पण या धाग्यात इन्स्क्रिप्ट दिसलं आणि राहवलं नाही.

तुमचा ईच का गेला याचं मला अजिबात आश्चर्य वाटत नाही. इन्स्क्रिप्टची मांडणी बघा. स्वर आणि मात्रा जवळजवळ सगळ्या डाव्या हाताला, व्यंजनं बहुतेक उजव्या. त्यामुळे व्यंजन-मात्रा, व्यंजन-मात्रा असा उजवा-डावा झोका बसतो, आणि म्हणूनच ती मांडणी हाताला सुखाची. पण डाव्या मधल्या बोटाकडे कोणी बघत नाही. ई वर काना, डी वर हलन्त, सी वर म. तिन्ही त्याच एका बोटाची! मराठीत कान्याशिवाय ओळ नाही, जोडाक्षराशिवाय वाक्य नाही. "म्हणून" एवढा एक शब्द लिहून पाहा: सी, डी, मग कुठे उजव्या हाताला यू. पुढचा ण पुन्हा शिफ्ट धरून सी. एका शब्दात मधलं बोट तीनदा राबतं.

आणि रात्री तेच बोट तुमच्याकडे डब्ल्यू-एस वर पुढे-मागे पळतं, वर दारंही तेच उघडतं. पगार वाढवा त्याचा.

माझ्याकडे तपकिरी स्विच आहेत, टॅक्टाइल. आवाज निळ्यांसारखा नाही, पण नोंदीच्या जरा आधी बोटाला बारीकसा उंबरठा लागतो. तेवढ्याने मला तळापर्यंत आपटायची गरज पडत नाही. आधी संध्याकाळपर्यंत मनगटात कळा यायच्या. कळा दाबून दाबून कळा. आता कमी आहेत, पण खरं सांगायचं तर त्याच सुमारास मी खुर्ची उंच केली आणि कीबोर्डचे मागचे पाय मिटवले, म्हणजे श्रेय कोणाला द्यायचं मलाच कळत नाही.

वाचनमात्र

लेखनिकाताई, मेकॅनिकल कीबोर्डवर देवनागरी अक्षरं छापलेली मिळतात का? मी त्याच कारणाने अडून बसलोय.

लेखनिका

छापलेली शोधत बसू नका. कीबोर्ड संगणकाला अक्षर पाठवतच नाही, "अमुक जागेचं बटण दाबलं" एवढाच निरोप पाठवतो. त्या जागेला ई म्हणायचं की काना, ते संगणक ठरवतो. त्यामुळे कुठलाही कीबोर्ड मराठी असतो. एफ आणि जे वरचे उंचवटे सापडले की पुरे. मी पहिले पंधरा दिवस मांडणीचा कागद पडद्याखाली चिकटवला होता, मग तो पडला आणि पडल्याचं मला आठवड्याने लक्षात आलं.

तरी भीती वाटत असेल तर कोऱ्या कीकॅपचा संच बसवा. बघायला काहीच नसलं की नजर आपोआप वर राहते.

जुना_खोडरबर

तुम्हा मंडळींचं ४५ सेंटिन्यूटन, उंबरठा, लोणी वगैरे वाचून करमणूक झाली. माझ्याकडे आयबीएमचा मॉडेल एम आहे, १९८५ साली निघाला तो. आत लाल-निळं काही नाही, प्रत्येक बटणाखाली एक उभी स्प्रिंग. दाबत गेलं की एका क्षणी ती कंबरेत लचकते, खट्ट वाजते आणि त्याच लचक्यात खालच्या पातीला धक्का बसून नोंद होते. म्हणजे आवाज वेगळा घातलेला नाही, आवाज आणि अक्षर एकाच घटनेतून जन्मतात. वजन दोन किलोच्या वर. चोर आला तर कामाला येईल.

दुसरा_डाव

खोडरबरकाका, त्यावर शूटर खेळून दाखवा.

जुना_खोडरबर

खेळलो आहे. तिसरं बटण धरलं की पुष्कळदा गप्प. त्यात डायोड नाहीत, दोन बटणांपलीकडची खात्री नाही. शास्त्रीबुवांचे तीन कोपरे मी फार आधी भोगले आहेत. पण पत्र लिहायला बसा त्यावर एकदा.

दुसरा_डाव

मुद्द्यावर येतो. रात्रपाळी, पुढचा कीबोर्ड घ्याल तेव्हा हॉल इफेक्टवाला घ्या. मी वर्षभर वापरतोय. स्विचच्या दांड्यात चुंबक, खाली बोर्डावर सेन्सर. चुंबक किती जवळ आलं ते सेन्सर सतत मोजतो, त्यामुळे बटण "दाबलं की नाही" एवढंच नाही, किती दाबलं ते कळतं. नोंद कुठल्या उंचीवर व्हावी ते आपण ठरवायचं.

खरी गंमत रॅपिड ट्रिगरची. वूटिंग या डच कंपनीने ते गाजवलं. साध्या स्विचला सुटण्याची एक ठरलेली उंची असते. इथे बोट केसभर वर निघालं की बटण सुटलं, परत केसभर खाली गेलं की दाबलं, मग ते कुठल्याही खोलीवर असो. काउंटर-स्ट्राइकमध्ये धावताना गोळी नेमकी लागत नाही, आधी थांबावं लागतं. आणि उजवीकडे धावताना पटकन थांबायचं तर डी सोडून क्षणभर उलटं ए टिपायचं. तो डी किती लवकर सुटतो यावर सगळं. लाल स्विचवर माझी पहिली गोळी हमखास भिंतीत जायची.

खटखट

हो, आणि मग एकाच वेळी ए आणि डी दोन्ही धरून कीबोर्डलाच खेळू द्यायचं. ते बंद पाडलं ना?

दुसरा_डाव

ते निराळं. त्याला एसओसीडी म्हणतात, दोन विरुद्ध दिशा एकदम दाबल्या तर शेवटची खरी धरायची. रेझर या कीबोर्ड कंपनीने २०२४ मध्ये स्नॅप टॅप नावाने आणलं, मग इतरांनी. त्यात डी सोडायचं कौशल्यच उरत नाही. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये गेम बनवणाऱ्या वाल्वने काउंटर-स्ट्राइक २ च्या अधिकृत सर्व्हरवर असली स्वयंचलित मदत चालणार नाही असं जाहीर केलं, सापडलात तर सामन्यातून बाहेर. रॅपिड ट्रिगर मात्र चालतं, कारण तिथे बोट तुमचंच हलतं.

मला तो निर्णय पटला. पैसे देऊन बोटं घ्यायची असतील तर सराव कशाला करायचा?

खटखट

पैसे देऊन सुटण्याची उंची घेतलीत तेव्हा चाललं!

दुसरा_डाव

...यावर रात्री उत्तर देतो.

स्प्रिंगशास्त्री

(अवांतर: हॉल इफेक्ट "नवीन तंत्रज्ञान" म्हणून खपवतात त्याची मला मौज वाटते. एडविन हॉलने तो परिणाम शोधला १८७९ मध्ये, आणि त्यावर चालणारे कीबोर्ड हनीवेलचा मायक्रो स्विच विभाग १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून बनवत होता.)

पण रात्रपाळींच्या दुखण्यापुरतं बोलायचं तर त्यात एक मोठं सुख आहे. पट्टीला पट्टी टेकतच नाही, त्यामुळे टप्पे नाहीत आणि चॅटरही नाही. फक्त जुन्या बोर्डात साधा स्विच काढून चुंबकी बसवता येईल असं समजू नका. खाली सेन्सरच नसतो.

रात्रपाळी

झालं. सविस्तर सांगतो, कारण एक अपघातही झाला.

अदलाबदलीसाठी बटण निवडलं पॉझ. वरच्या रांगेत अगदी उजवीकडे बसलेलं, मी त्याला जन्मात हात लावलेला नाही. दोन्ही कीकॅप काढले. कीबोर्डबरोबर एक चिमटा येतो, त्याने स्विचच्या वरच्या आणि खालच्या बाजूची खुंटी आत दाबून सरळ वर ओढायचं. पॉझचा स्विच सहज निघाला. ई चा निघेना. जोर लावला तर चिमटा सटकून शेजारच्या आर वर चरा पडला. तीन आठवड्यांचा कीबोर्ड! जीव हळहळला.

मग निघाला. उलटा धरून पाहिला तर दोन्ही पाय चकचकीत, सरळ, संशय घ्यायला जागा नाही. तो पॉझच्या जागी बसवला. पॉझचा ई च्या जागी दाबला, "टक" झालं, कीकॅप लावला, दाबलं तर काहीच नाही. मेलाच. पुन्हा काढला. एक पाय भोकात न जाता खाली दुमडून चपटा झाला होता, वरून कळतच नाही. भुवया उपटायच्या चिमट्याने पाय हळूहळू सरळ केला. श्वास रोखून. तांब्याची ती पात कागदाइतकी पातळ, दोनदा जास्त वाकवली तर तुटणार हे दिसतच होतं. यावेळी बोर्ड टेबलावर उभा धरला, दोन्ही पाय भोकांवर आलेले डोळ्यांनी बघितले आणि मगच दाबलं.

कीबोर्ड तपासायचं एक पान उघडलं, कुठलं बटण किती वेळा उमटलं ते मोजतं. डीबाउन्स परत ५ वर. ई शंभर वेळा दाबला. शंभर. पुन्हा शंभर. शंभर. मग पॉझ शंभर वेळा दाबला. एकशे चौदा.

भूत स्विचबरोबर गेलं!

रात्री गेममध्ये गेलो, पहिल्या दारासमोर उभा राहिलो, ई दाबला. दार उघडलं आणि उघडंच राहिलं. आत एक जण माझीच वाट बघत बसला होता, त्याने मला मारलं. तरी हसलो.

लेखनिका

अभिनंदन! आणि कान्याचं काय?

रात्रपाळी

हा अख्खा प्रतिसाद त्याच कीबोर्डवर लिहिलाय. काना एकेकच पडतोय, मोजून घ्या.

वाचनमात्र

कंपनीला कळवलंत की नाही? वॉरंटी असेल की.

रात्रपाळी

कळवलं होतं, हा धागा काढायच्या आधीच. उत्तर आलं की संगणक बंद करून पुन्हा सुरू करा. केला. कळवलं की केला. मग उत्तर आलं की दुसऱ्या संगणकाला लावून बघा. तेही केलं. तिसरं उत्तर अजून यायचंय. एका स्विचसाठी अख्खा कीबोर्ड गुंडाळून पाठवायचा आणि पुन्हा त्या रबरी टोप्यांवर दिवस काढायचे, ते मला नको. गरज पडली तर सुटे स्विच मागवेन.

दुसरा_डाव

@खटखट, रात्री उत्तर देतो म्हणालो होतो. विचार केला. सुटण्याची उंची ही माझ्या बोटाने केलेली गोष्ट जास्त खरी कळवते. स्नॅप टॅप माझ्या बोटाने न केलेली गोष्ट कळवतं. हा माझा फरक. पटला तर घ्या.

खटखट

अर्धा पटला. उरलेल्या अर्ध्यासाठी निळे स्विच वापरून बघा.

वाचनमात्र

शेवटचा प्रश्न, मग गप्प बसतो. तो बिघडका स्विच फेकला का?

रात्रपाळी

कशाला फेकू? पॉझखालीच आहे. तिथे त्याला जन्मभर कोणी हात लावणार नाही.

जुना_खोडरबर

पॉझला इतकं कमी लेखू नका. पूर्वी संगणक सुरू होताना पडद्यावरून मजकूर सरसर निघून जायचा, तो वाचायचा तर नेमक्या क्षणी पॉझ दाबून थांबवायचा आणि वाचून झालं की दुसरं कुठलंही बटण दाबून पुढे जाऊ द्यायचं. आमची कित्येक दुखणी त्या एका बटणाने सापडली आहेत. लागेल कधीतरी.

रात्रपाळी

लागला तर माझा दोनदा थांबेल, काका.